बशीरभाईंचा बाबू

खालच्या दुकानातला पंखा तीनवर गेला की मला वर कळायचं, बशीरभाई आता राजकारणावर बोलणार.

महाडच्या बाजारपेठेतल्या एका दुमजली इमारतीत वर माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती आणि खाली त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान. मधे लाकडी तक्तपोशी. खाली कुणी शिंकलं तरी वर माझ्या मुलींची बोटं चुकायची. बशीरभाईंनी एक उभा पंखा मुद्दाम दाराशी, रस्त्याकडे पाठ करून ठेवला होता. एरवी तो एकवर फिरायचा. राजकारण निघालं की तीनवर. मग तो असा खडखडायचा की रस्त्यावरच्या माणसाला आतलं अक्षर ऐकू जात नसे. वर मला मात्र सगळं स्वच्छ ऐकू यायचं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण मग ते बोलायचे थांबले असते आणि माझी दुपार वाया गेली असती.

ही सवय मस्कतची. तिथे एका गोदामात त्यांनी अठरा वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढली. परक्या मुलखात राज्य करणाऱ्यांबद्दल तोंड उघडायचं नाही, हे त्यांनी पहिल्या आठवड्यात शिकून घेतलं आणि परत आल्यावरही ते अंगातून गेलं नाही. कुठल्याही पक्षाचं नाव ते घेत नसत. पक्ष ओळखायचे ते त्यांच्या बसण्याच्या जागांवरून. वडाखालचे, पंपावरचे, बँकेच्या माडीवरचे. कुणी पक्ष बदलला की म्हणायचे, "गेला गो बाय माडीवर. आता जिना चडून दम लागंल त्याला."

अंगाने वाळके, दाढी नीट कातरलेली, खिशाला दोन पेनं. त्यातलं एक उठत नसे. ते मागणाऱ्यासाठी. रोज दोन पेपर घ्यायचे, एक मराठी आणि एक उर्दू, आणि एकच बातमी दोन्हीकडे शोधून वाचायचे. मी एकदा विचारलं, एवढा खटाटोप कशाला? म्हणाले, दोन्ही बाजूंनी वाचलं की मधे खरं काय झालं असेल ते कळतं. मी म्हटलं, मग कळतं का? पेपरची घडी घालत म्हणाले, "नाय बाई. मधी कोण ऱ्हातच नाय बहुतेक."

मूळचे तुडीलचे. सावित्रीच्या काठावर गाव, अर्ध्या गावाची माणसं परदेशात. बशीरभाई गेले तेव्हा तिशीच्या आतले होते. परत आले तेव्हा मुंबईतली ती वाईट दंगल होऊन काही वर्षं झाली होती. आमच्याकडे काही झालं नव्हतं. एक काचसुद्धा फुटली नव्हती. फक्त लोक हळूहळू आपापल्या माणसाच्या दुकानात जायला लागले होते, आपापल्या माणसाच्या टेम्पोतून माल आणायला लागले होते. कुणी तसं ठरवलं नव्हतं, म्हणून कुणाला विचारताही येत नव्हतं. बशीरभाईंना हे फार लागलं. परत आल्यावर पहिल्याच निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दुकानात आला. बशीरभाईंनी त्याला दारासमोरचं तुंबलेलं गटार दाखवलं. तो गटाराकडे न बघता म्हणाला, तुमच्या समाजाचे सगळे प्रश्न आपण बसून सोडवू. हे म्हणाले, गटार समाजाचं नाही, गल्लीचं आहे. त्याने पुन्हा हात जोडले आणि गेला.

तो गेल्यावर पंखा तीनवर करून ते मला म्हणाले होते, "बाई, मी गेलो तवा बशीर होतो. परत आलो तर समाज झालो."

त्यानंतर गणपती असो, ईद असो, पोलीस ठाण्यात शांतता कमिटीची बैठक लागली की यांना बोलावणं यायचं. समाजातर्फे. हे जाऊन मागच्या खुर्चीवर बसायचे, चहा प्यायचे, सही करायचे आणि येताना गटाराचा अर्ज देऊन यायचे. गटार शेवटपर्यंत तुंबलेलंच होतं.

दुकानात चार कॉम्प्युटर होते. तीन शिकवणीचे. चौथा त्यांनी मस्कतहून आणलेला, त्याला हात लावायची परवानगी शिकाऊंना नव्हती. त्याच्यावर एक खेळ होता. मी खेळाबिळातली नाही, पण तक्तपोशीतून ऐकून ऐकून मला जेवढं कळलं ते असं की त्यात आपण आपण नसतो. सुरुवातीला एक माणूस तयार करायचा, त्याला नाव द्यायचं, धंदा द्यायचा आणि मग त्याला घेऊन गावोगाव हिंडायचं. वाटेत माणसं भेटतात, काहीबाही विचारतात. खाली तीन-चार उत्तरं लिहिलेली असतात, त्यातलं एक निवडायचं. जे निवडू त्याप्रमाणे पुढची गोष्ट बदलते. तलवारी, राक्षस हे सगळं होतंच, पण बशीरभाईंना त्या गप्पांचं वेड.

खेळ सगळा इंग्रजीत. वाचणारे एकटे बशीरभाई. मग ते खुर्चीमागे उभे राहून प्रत्येक माणसाचं बोलणं महाडच्या बोलीत म्हणून दाखवायचे. राजाचा पहारेकरी असायचा तो दरडावायचा, "कंचा रे तू? कामाचा हायस का नुसताच आलायस?" जादूगारीण असायची ती तुडीलच्या म्हातारीसारखी कण्हत बोलायची. समोर एक लांब बाकडं होतं, त्यावर सहा-सात जण बसायचे आणि काय उत्तर द्यायचं ते सगळे मिळून ठरवायचे. हात वर करून मतदान व्हायचं. सगळ्या बाकड्याचा मिळून एकच माणूस होता, त्याचं नाव बाबू. हे नाव बशीरभाईंनी विचार करून दिलं होतं. आमच्याकडे बाबू दोन्हीकडे असतात.

बाकड्यावर कायमचे दोघे. एक गणपत, आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाला कुठल्याशा वाडीचा, एमआयडीसीत पाळीला जायचा. दुसरा सलीम, दासगावचा, टेम्पो चालवायचा. दोघं पंचविशीची, घरी बायकापोरं असलेली, इथे येऊन बाबूसाठी भांडायची. गणपतचं डोकं चालायचं आणि सलीमची बोटं. लढाईत सलीम बसायचा, सौद्यात गणपत. एकदा एका गावात बाबूने चोरी करावी की नाही यावर दोघांचं इतकं वाजलं की माझ्या परीक्षेच्या बॅचला स्पीड टेस्ट थांबवावी लागली. मी रागाने खाली गेले. बशीरभाई म्हणाले, बसा बाई, तुमचंही एक मत होऊ दे. मी चोरीच्या विरुद्ध मत दिलं आणि वर आले. बाबूने चोरी केलीच.

त्या बाकड्याची किंमत फक्त बशीरभाईंना ठाऊक होती. शिकवणीवर दुकान चाललं असतं, खेळाची काही गरज नव्हती. घरून बोलणी खात ते तो चालवायचे, कारण बाजारपेठेत तेवढी एकच जागा उरली होती जिथे गणपत आणि सलीम मांडीला मांडी लावून बसत. मला एकदा त्यांनी हे सरळच सांगितलं. म्हणाले, "मला दुसरं कायसुद्दा नको. ह्ये बाकडं ऱ्हायलं पायजे."

शिमग्याला मुंबईची माणसं गावी येतात. त्यात नितीन आला. हा माझाच जुना विद्यार्थी, चाळीस स्पीडची परीक्षा दोनदा देऊन पास झालेला. मुंबईत एका मंडळात काम करायचा आणि आता महाडात शाखा काढायची म्हणून राहिला होता. बोलायला गोड. बाकड्यावर बसला, दोन दिवस बाबूची गंमत बघितली. इंग्रजी वाचता येत होतं. तिसऱ्या दिवशी त्याने कुठलंसं बटण दाबलं आणि बाबूच्या माहितीचं पान उघडलं. नाव, वय, बळ, धंदा. आणि खाली, देव.

बशीरभाईंनी हे पान कधी वाचून दाखवलं नव्हतं. खेळ सुरू करताना देव निवडावाच लागतो, आठांपैकी एक. त्यांनी पहिल्या दिवशी एकट्याने बसून वाटसरूंचा देव निवडला होता, बाबूला हिंडायचं आहे म्हणून. आणि त्यावर ते कायम गप्प राहिले. एवढीच त्यांची चूक. पानावर त्या देवाचं चित्र होतं. पांढरी दाढी, हिरवा झगा, हातात कंदील.

नितीन म्हणाला, हा तर पीर आहे. आमच्या पोरांना इथे रोज पिरापुढे वाकवताय का?

त्याच दिवशी दुपारच्या नमाजानंतर हाजीसाहेब आले. हे बशीरभाईंचे थोरले मेव्हणे, त्यामुळे त्यांच्यापुढे खुर्चीवर बसायचीसुद्धा सोय नाही. पूर्वी हेच हाजीसाहेब उरुसाला कव्वाली ऐकत पहाट करायचे. अलीकडे त्यांना उरूसही चालत नव्हता, पीरही चालत नव्हता, आणि पँट घोट्याच्या खाली आली तर तेही चालत नव्हतं. त्यांच्या कानावर आलं होतं की खेळात मूर्ती आहे, मूर्तीपुढे दिवा आहे आणि सलीम तिच्यापुढे माणूस वाकवतो. त्यांनी चित्र पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

एकाच चित्रावर एकाच दिवशी दोन तक्रारी. मला वर बसून हसू येत होतं, खोटं कशाला सांगू. ते हसू फार टिकलं नाही. संध्याकाळी दोन्हीकडची पाच-सात पोरं दुकानासमोर उभी राहिली. कुणी काही केलं नाही. नुसती उभी राहिली, गटाराच्या अलीकडे काही आणि पलीकडे काही. दुसऱ्या दिवशी फौजदारांचा निरोप आला की शांतता कमिटी जागेवर येऊन खेळाची पाहणी करील.

सकाळी अकराला कमिटी आली. इकडचे तीन, तिकडचे तीन, फौजदार, आणि लिहून घ्यायला मी, कारण माझं टायपिंग स्वच्छ. सगळे त्या बाकड्यावर बसले. हाजीसाहेब एका टोकाला, नितीन दुसऱ्या. बशीरभाईंनी शांतपणे सांगितलं, जुना बाबू बाजूला ठेवू, तुम्ही सगळे मिळून नवा माणूस करा. तुम्ही म्हणाल तसा.

नाव विचारलं. बाबूच ठरलं, कुणाची हरकत नव्हती. धंद्याला पाऊण तास गेला. यादीत चोर होता, त्याला कुलपं उघडता येतात म्हणून बशीरभाईंनी शिफारस केली. पण कमिटीच्या माणसाने चोर कसं व्हायचं? शिपाई ठरला. मग देवांचं पान आलं. आठ देव, आठ चित्रं. हाजीसाहेब म्हणाले, ही जागा मोकळी सोड. बशीरभाईंनी सोडून दाखवली. खेळ पुढे जाईना. नितीन म्हणाला, आठही परके आहेत, आपला एकही नाही. कुणीतरी सुचवलं, एक दिवस यांच्या पसंतीचा आणि एक दिवस त्यांच्या. ते जमत नव्हतं. एक म्हातारे व्यापारी म्हणाले, कुठलाच नाही असं बटण नाही का? बशीरभाई म्हणाले, नाही. म्हातारे म्हणाले, मग हा खेळ आपल्यासारख्यांचा नाही. आणि चहा आला.

साडेबारापर्यंत बाबूचा जन्म झाला नाही. फौजदारांना पोलादपूरला दुसरी बैठक होती. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि तोडगा काढला. खेळात आक्षेपार्ह काही दिसलं नाही, कारण खेळ सुरूच झाला नाही. मात्र कुणाचं मन दुखायला नको. तेव्हा वेळा वेगळ्या करा. दहा ते एक एकांनी यावं, चार ते सात दुसऱ्यांनी. मधे दुकान बंद. नितीनने मान हलवली. हाजीसाहेबांनीही हलवली. त्या सकाळी दोघांना पटलेली ही एकच गोष्ट.

बशीरभाईंनी विचारलं, "आनी बाकडं?"

"राहू दे की," फौजदार म्हणाले. "बाकड्याला कुणाची हरकत आहे?"

सही केली नसती तर दुकानाच्या परवान्याचं काय झालं असतं ते फौजदार बोलले नाहीत, पण परवाना पाहायला मागितला होता. घरी मेव्हणे, दाराशी नितीनची पोरं. बशीरभाईंनी खिशातलं पेन काढलं आणि सही केली. तो ठराव मी टाईप केला होता. वर जाऊन, तीन कार्बन घालून, एकही चूक न करता. 'उभयपक्षी समाधान झाले' असं मीच लिहिलं. त्या वेळी मला वाटलं, थोडक्यात निभावलं. आज त्या कागदाची आठवण झाली की मला माझी बोटं नकोशी होतात.

ठरावाप्रमाणे एका बाबूचे दोन करावे लागले. बशीरभाईंनी त्याची नक्कल काढली, एक सकाळचा आणि एक संध्याकाळचा. गणपत सकाळी, सलीम संध्याकाळी. गणपतला लढता येईना आणि सलीमला सौदा जमेना. सकाळचा बाबू सारखा मरायचा, संध्याकाळचा सारखा फसायचा. सुरुवातीला गणपत चिठ्ठी ठेवून जायचा, अमक्या वाण्याकडे जाऊ नको म्हणून, आणि सलीम लढाईच्या युक्त्या सांगून ठेवायचा. बशीरभाई त्या चिठ्ठ्या पोचवायचे. मग कुणीतरी नितीनला सांगितलं की चिठ्ठ्या जातात, आणि हाजीसाहेबांनाही कुणीतरी सांगितलं. चिठ्ठ्या बंद झाल्या. मतदान तर आधीच बंद झालं होतं. आता सगळ्यांचं एकमत व्हायचं.

एक ते चार दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं असायचं. एकदा मी दुपारी कार्बन पेपर मागायला वाकून आत गेले. बशीरभाई एकटे बसले होते. जुना बाबू, पहिला, त्यांनी ठेवून दिला होता. तो एका शहराच्या वेशीपाशी उभा होता आणि पहारेकरी विचारत होता, तू कुणाचा माणूस? खाली तीन उत्तरं होती. राजाचा. बंडखोरांचा. जो पैसे देईल त्याचा.

मी म्हटलं, काहीतरी निवडा ना, खेळच तो.

"म्हयना झाला हितंच उबा हाय," ते म्हणाले. "मागं वळून बगितलं, तर मागची वाट बंद. आत जायाचं तर तिघांतला एक व्हायला लागतं. आनी ह्यो तिघांतला नाय, बाई. मला ठावं हाय ह्यो कोण हाय. पन त्ये लिवायला जागाच नाय."

पंखा बंद होता. मी कार्बन घेतले आणि वर आले.

पुढच्या वर्षी बाजारपेठेत आणखी दोन दुकानं निघाली. तिथे धडाधड गोळ्या घालायचे खेळ होते, त्यात कुणी कुणाला काही विचारत नाही. बाकड्यावरची माणसं तिकडे गेली. गणपत आणि सलीम तेवढे आपापल्या वेळेला येत राहिले, बहुधा बशीरभाईंना वाईट वाटेल म्हणून. शिकवणीची पोरंही घटली. हिंदू आईबापांना नितीनने काही सांगितलं असेल, मुसलमान आईबापांना हाजीसाहेबांनी. शेवटी एके दिवशी बशीरभाई जिना चढून माझ्याकडे आले आणि म्हणाले, बायोडेटा टाईप करून द्या. मस्कतच्या जुन्या शेठने गोदामावर परत बोलावलं आहे. वयाचा आकडा सांगताना जरा थांबले. बावन्न.

नाव, वडिलांचं नाव, अनुभव. मग धर्माचा रकाना आला आणि माझा हात थांबला. ते हसले.

"लिवा, बिनदास लिवा. तिथं कोन वाचत नाय. तिथं मी नुसता इंडियन." मग म्हणाले, "हितं तेवडं जमलं नाय."

मला रडू आलं. त्यांच्यासमोरच आलं. ते खिडकीतून खालच्या गटाराकडे बघत राहिले.

मुंबईची साडेदहाची गाडी होती. बायोडेटाच्या दोन प्रती माझ्याकडे राहिल्या होत्या, म्हणून मी एसटी स्टँडवर गेले. बायकोला आणि मुलीला त्यांनी घरूनच निरोप दिला होता. गाडी लागलेली होती आणि बशीरभाई खिडकीशी बसले होते. मी प्रती दिल्या. त्यांनी घेतल्या, पण लक्ष माझ्याकडे नव्हतं.

चौकशीच्या खिडकीपाशी गणपत उभा होता, पाळीला जायचे कपडे घालून. दुसऱ्या टोकाला, रसाच्या गाड्यापाशी सलीम. टेम्पो बाहेर लावून आला असावा, किल्ली हातातच होती. दोघांमधे तीस पावलांचं अंतर. त्यांनी एकमेकांना पाहिलं नसेल असं शक्यच नव्हतं. दोघांमधे भांडण नव्हतं, बाबूवरून व्हायचं तेवढंच. पण दुसरा असेल तेव्हा आपण थांबायचं याची दोन वर्षांत दोघांनाही सवय झाली होती. गणपत वाट बघत होता की सलीमने भेटून घ्यावं आणि जावं. सलीमही तेच करत होता. कुणीच गाडीपाशी येत नव्हतं.

बशीरभाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "आदी कुनाकडं हात करू?"

कंडक्टरने घंटा मारली. बशीरभाईंचे दोन्ही हात खिडकीच्या गजावर होते, आणि गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत ते तिथेच राहिले.